तीन नंबर भट्टीचा केक

निमगावच्या खंडोबाची शप्पथ घेऊन, हातात भंडारा धरून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं निघोज्याला यावं, गोरक्षच्या स्वयंपाकघरात उभं राहावं आणि मान वर करून बघावं. पंख्याच्या तिसऱ्या पात्यावर चॉकलेटचा डाग अजून आहे.

तो डाग पडला सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. गोरक्षची सून पुनम ओव्हनच्या काचेला नाक लावून बसली होती. आत बारा वाट्या, वाट्यांत बारा केक. केक फुगले, टम्म झाले, आणि त्यातल्या एकाची टाळू फुटली. पुनमनं घाबरून दार उघडलं, तर तेवढ्यात उरलेल्या अकरांच्याही टाळू फुटल्या. आतलं चॉकलेट जे उडालं ते थेट पंख्यावर, आणि पंखा पाचवर चालू. त्यानं कुणाला कमी नाही की जास्त नाही, सगळ्यांना सारखं वाटलं. फ्रिजला दिलं, कॅलेंडरमधल्या एकादशीला दिलं, सासूबाई गिरजाबाईंच्या पातळाला दिलं. ओट्याखाली पांढरं मांजर झोपलं होतं, ते उठलं तेव्हा कबरं झालं होतं.

"अगं बया बया!" गिरजाबाईंनी पदरानं डोळे पुसले तर पदरही तसलाच. "केक करती का विहिरीला सुरुंग लावती गं?"

"आत्या, ह्याला लाव्हा केक म्हणतात," पुनम रडकुंडीला आली. "चमच्यानं फोडला की आतून चॉकलेट वाहायला पाहिजे."

"वाहिलं की मग! पार आढ्यापातूर वाहिलं."

दारात गोरक्ष येऊन उभा राहिला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. त्याला स्वयंपाकघरात यायला बंदी होती.

बंदीचं कारण असं. गेल्या वर्षी अठ्ठावन्न पुरी झाली आणि गिअर बनवणाऱ्या कंपनीनं गोरक्षला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. घरी बसून माणूस करणार काय? गिअर भाजायची सवय, तो घरातलं जे तापेल त्याच्यामागे लागला. "चहा आत्ता उतरव, अजून दोन अंश चढला तर कडवट व्हईल." "आंघोळीचं पाणी बेचाळीसच्या वर न्यायचं न्हाई." एकदा भाकरी तव्यावर असताना त्यानं गिरजाबाईंना सांगितलं, की तव्याची डावी बाजू थंड आहे. गिरजाबाईंनी तवाच उचलून दाखवला. तेव्हापासून गोरक्षची हद्द उंबऱ्यापर्यंत.

पण त्याच्या डोळ्याबद्दल मात्र उगीच बोलायचं काम नाही. सत्तावीस वर्षं तो तीन नंबर भट्टीवर होता. भट्टीच्या झरोक्याला एक डोळा लावायचा आणि सांगायचा, "आठशे सत्तर." मीटर दाखवायचं आठशे अडुसष्ट. मग मीटर दुरुस्तीला जायचं. एकदा भट्टीकडे पाठ करून डबा खात होता, मानेला लागणाऱ्या धगीवरून म्हणाला, "दोन नंबरचा बर्नर गेला." जोडीदार सरदारनं जाऊन बघितलं, तर गेलेला. एकदा मोठे साहेब राउंडला आले, तर त्यांच्या कपाळाकडे लांबूनच बघून म्हणाला, "साहेब, एकशे दोन. घरी जा." नर्सनं थर्मामीटर लावला, एकशे दोनच निघाला. हसू नका, शप्पथ घेतलीय मी.

आता हा लाव्हा केक घरात शिरला कसा, तेही सांगते. पुनम वाढदिवसाचे केक करायची, गावात नाव होतं तिचं. शनिवारी तिला फोन आला. हात पिठात, म्हणून तिनं स्पीकर लावला. पलीकडे कंपनीच्या ऑफिसातली नेहा मॅडम.

"मॅम, बुधवारी तीनला साठ चॉको लाव्हा हवेत. गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारीच प्रोग्राम घेतलाय. आमच्या तीन नंबर फर्नेसचं फेअरवेल आहे. जुनी झाली ना, बंद करतोय. म्हणून थीम मोल्टन, म्हणजे वितळलेलं, अशी ठेवलीय. कापल्यावर वाहायला पाहिजे हं, व्हिडिओ काढणार आहोत."

बाहेरच्या खोलीत गोरक्ष पेपर वाचत होता. पेपर होता तिथंच राहिला, पान काही उलटलं नाही.

पेपराआडूनच म्हणाला, "माणूस गेला तर तेराव्याला गोड करत्यात. ह्यांनी मयतीलाच मागवलं."

तेवढंच बोलला. पण संध्याकाळी गिरजाबाई बघतात तर हा पलंगावर चादर अंथरून कंपनीचा राखाडी शर्ट इस्त्री करतोय. खिशावर लाल दोऱ्यानं कंपनीचं नाव शिवलेला तो शर्ट.

"कुठं निघाली स्वारी?"

"कुठं न्हाई. कपाटात पडून पडून सुरकुतला व्हता."

"आन् आजच कसा आठवला?"

गोरक्षनं कॉलरवरून इस्त्री तीनदा फिरवली. सत्तावीस वर्षं जिला पेटती ठेवली, ती विझवताना आपल्याला बोलावतील, असं त्याला वाटत होतं. वाटत होतं कसलं, खात्रीच होती. गिरजाबाईंना ते कळलं आणि त्या गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं ही निघोज्यात तशी मोठीच बातमी.

तर असा तो सोमवार. पंख्यावर चॉकलेट, कबरं मांजर, आणि उंबऱ्यावर गोरक्ष.

"मी येऊ का आत?" त्यानं विचारलं.

"या," गिरजाबाई म्हणाल्या. "आता आणिक काय बिघडायचं ऱ्हायलंय?"

पुनमनं दुसरा घाणा लावला. फ्रीजरमधल्या चॉकलेटच्या गोट्या काढल्या, वाटीत थोडं पीठ, मधे गोटी, वर पुन्हा पीठ. गोरक्ष काचेसमोर उकिडवा बसला. आठव्या मिनिटाला, टाळू फुटायच्या आत, ओरडला, "काढ!" पुनमनं ट्रे काढला, आणि तिला काही कळायच्या आत गोरक्षनं पकडीनं एक वाटी उचलली आणि बादलीभर पाण्यात बुडवली.

चर्रर्र!

वाफ सगळ्या घरात. वाफ विरली तेव्हा बादलीत चॉकलेटची आमटी आणि तळाला वाटी.

"मामा!" पुनम किंचाळली. "हे काय केलं?"

"क्वेंचिंग," गोरक्ष म्हणाला. "भट्टीतून काढला की झटक्यात गार करायचा. न्हाईतर आतली धग बाहेर आल्यावरबी काम करतच ऱ्हाती. आतलं सगळं घट्ट व्हतं."

"मामा, ते गिअर होते! हा मैदा आहे!"

गिरजाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. गोरक्षही ओशाळून हसला आणि बादली घेऊन मागच्या दारी गेला. उरलेले अकरा केक पुनमनं ट्रेवर तसेच ठेवले. पाच मिनिटांनी एक फोडला, तर आत चॉकलेट नाही, वडी. दुसरा फोडला, वडी. अकराच्या अकरा वड्या.

पुनमनं फोन उचलला. "मी नेहा मॅडमना नाही म्हणून कळवते. चिंचवडला मोठ्या बेकऱ्या आहेत, घेतील तिकडून. माझ्या हातून हे होत नाही, आत्या."

मागच्या दारातून गोरक्ष आला. हातात रिकामी बादली होती. चेहरा मात्र भट्टीसमोर असायचा तसा झाला होता.

"कळवायचं न्हाई," तो म्हणाला. "तीन नंबरला बाहेरचा केक जाणार न्हाई."

"मामा, पण..."

"पोरी, माझं गार करायचं चुकलं. पण वडी का झाली, हे मी आधीच बोललो व्हतो का न्हाई? आन् पयले फुटले का, त्येबी मला कळलंय. वरचं कवच पटकन कडक झालं, आतल्या वाफेला जायला वाट न्हाई. तुझी भट्टी जास्त तापती."

"दोनशेवर ठेवलाय, हे बघा ना."

"बटन दोनशे म्हणतंय. भट्टी काय म्हणती, ते विचारू तिला."

हा ओव्हन ओंकारनं, म्हणजे पुनमच्या नवऱ्यानं, महिन्यापूर्वीच पिंपरीतून कुणाकडून तरी जुना घेतला होता. गोरक्ष गोठ्यात गेला, तिथून जुना विळा आणला. पायरीवर बसून पॉलिश पेपरनं तो विळा घासला. इतका घासला की त्यात मला, म्हणजे शेजारणीला, टिकली नीट करता आली. मग तो पुसून ओव्हनमध्ये ठेवला.

"आता इळ्याचा केक व्हय?" गिरजाबाई म्हणाल्या. "वर काजू लावू का?"

वीस मिनिटांनी विळा बाहेर काढला. पांढराशुभ्र आत गेलेला विळा चिंचोक्यासारखा तपकिरी होऊन आला.

"बघ," गोरक्ष म्हणाला. "घासलेलं लोखंड तापलं की रंग दाखवतं. दोनशेला गव्हाच्या काडासारखा पिवळा. ह्यो चिंचोका झालाय. म्हंजे अडीचशेच्या वर. भट्टी तुझ्याशी खोटं बोलती, पोरी. तुझा हात चांगलाच हाय."

पुनम विळ्याकडे बघतच राहिली. महिनाभर केक करपला की ती स्वतःलाच बोल लावत होती.

मग सोमवारची दुपार आणि मंगळवारची सकाळ त्या घरात विळे भाजले गेले. घरातले संपले तेव्हा शेजारचे आणले. निघोज्यात त्या दोन दिवसांत कुणाला गवत कापता आलं नाही. शेवटी बटन दीडशेच्या जरा खाली आलं आणि विळा गव्हाच्या काडाच्या रंगाचा निघाला. गोरक्षनं पुनमची नेलपॉलिश मागून घेतली आणि बटनावर तिथं लाल ठिपका दिला.

"आन् पाण्याचं?" गिरजाबाईंनी बादली पुढे केली. "बुडवायचं का?"

"बुडवायचं न्हाई. बसवायचं."

त्यानं परातीत बोटभर गार पाणी ओतलं. बारा वाट्या ओव्हनमधून थेट त्या परातीत बसवल्या. पाणी वाटीच्या बुडाला लागलं, वर केकाला थेंबही नाही. मिनिटभरानं पुनमनं एक वाटी बशीत पालथी केली आणि चमचा मारला.

आधी काहीच झालं नाही. मग फटीतून काळा, चकचकीत थेंब आला, त्याच्या मागून दुसरा, आणि मग चॉकलेट सावकाश, मनाजोगतं, बशीभर पसरलं.

"बाहेर कडक, आत नरम," गोरक्ष हळूच म्हणाला. "सत्तावीस वर्सं गिअरला ह्येच केलं मी. दात कडक, गाभा नरम. नुसता कडक आसंल तर दणक्यासरशी तुटतो."

"मामा, तुम्हीपण तसेच आहात," पुनम डोळे पुसत म्हणाली.

"ह्यांच्या आतबी कडकच हाय," गिरजाबाई म्हणाल्या, आणि बशी बोटानं स्वच्छ केली. मांजर बघत बसलं.

बुधवारी सकाळी दहाला भट्टी पेटली. भट्टीच म्हणायची आता, ओव्हन म्हटलं की गोरक्षला राग यायचा. बाराच्या पाच शिफ्टा. पुनम भरणार, गोरक्ष काढणार, गिरजाबाई परातीतलं पाणी बदलणार. पेंढा भरलेल्या क्रेटमध्ये गोधड्या अंथरल्या होत्या. परातीतून काढलेली वाटी पुसून थेट गोधडीत. आधी झटक्यात गार, मग ऊब धरून ठेवायची. गिअरलाही असंच करतात म्हणे. साठ झाले आणि थोडं पीठ उरलं, त्याचा एकसष्टावा झाला. तो गोरक्षनं आपल्या जुन्या डब्यात ठेवला, डबा टॉवेलात गुंडाळला.

दोनला सरदारचा टेम्पो आला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर सरदारनं कंपनी सोडली आणि तो चाकणच्या मार्केटात कांदा वाहू लागला. त्याच्या टेम्पोत नवी नवरी बसवली तरी तिला कांद्याचा वास यायचा, म्हणून पुनमनं आदल्या दिवशी तो साबणानं धुऊन घेतला होता.

सरदारनं गोरक्षला वरपासून खालपर्यंत बघितलं. "या अल्ला! इस्त्रीचा शर्ट, तेल लावून भांग! भट्टीच्या मातीला चाललास का तिच्याशी निकाह लावायला?"

"गप ऱ्हा आन् गाडी हळू काढ."

"बोलावणं आलंय का तुला?"

"येईल की. गेटवर बघतील तर म्हणतीलच."

सरदारनं गिरजाबाईंकडे बघितलं. गिरजाबाईंनी परात उचलली आणि आत गेल्या.

गोरक्ष पुढे बसला नाही. मागे क्रेटपाशी बसला, गोधडीखाली हात घालून. सगळ्या रस्त्यानं त्याचं चालू, "एकसष्ट अंश. साठ. सरदार, अठ्ठावन्न झालं, हाण जरा!" चौकात कंटेनर आडवा. मागे-पुढे हॉर्नचा कल्ला. गोरक्ष उतरला, ड्रायव्हरपाशी गेला आणि म्हणाला, "भावा, आत साठ जीव हायत, गार पडले की गेले." तो बिचारा परमुलखातला. त्याला वाटलं हॉस्पिटलचंच काम. त्यानं कंटेनर असा मागे घेतला की रस्ता मोकळा.

तीनला पाच कमी असताना टेम्पो कंपनीच्या गेटसमोर उभा राहिला. आणि काय सांगू! सिक्युरिटीवाल्यानं गोरक्षला बघितलं आणि खाडकन सलाम ठोकला. गेट उघडलं, दोन्ही फाटकं. नेहा मॅडम धावत आली, "तुम्हीच गोरक्ष सर? सगळे तुमचीच वाट बघतायत!" मोठे साहेब स्वतः आले, हाताला धरून आत नेलं. तीन नंबरच्या गळ्यात झेंडूचा हार होता. साहेब म्हणाले, "हिला तुम्हीच विझवायचं." गोरक्षनं झरोक्याला डोळा लावला, म्हणाला, "आठशे सत्तर." मीटरवर आठशे सत्तर, ना कमी ना जास्त. मग त्यानं गॅसचा कॉक फिरवला. फुस्स करून आवाज झाला, आणि त्याच क्षणी साठ माणसांनी साठ केकांत चमचे मारले. साठच्या साठ वाहिले. टाळ्या अशा पडल्या की निघोज्यात कावळे उडाले.

आता थांबते जरा.

पुढच्या महिन्यात चंपाषष्ठी आहे. निमगावला जायचंय, खंडोबाला तोंड दाखवायचंय. म्हणून सांगून टाकते. पंखा खरा आहे. मांजर खरं आहे. साहेबाचा एकशे दोन ताप खरा आहे. एकच गोष्ट मी पदरची घातली. ते गेट. ते काही उघडलं नाही.

"काका, लिस्टमध्ये नाव नाही," सिक्युरिटीवाला म्हणाला. नवीन होता, त्याची काय चूक. नेहा मॅडम गेटपाशी आली, क्रेट उचलायला दोन माणसं घेऊन. गोड बोलली, थँक्यू म्हणाली. सरदारनं तोंड उघडलं, "अहो मॅडम, हे कोण हायत माहितंय का तुम्हाला..." गोरक्षनं त्याच्या हाताला हलकेच दाबलं.

"मॅडम," तो म्हणाला, "गोधडी आधी उघडू नका. वाढायच्या टायमाला उघडा. म्हंजे वाहील."

"हो काका," ती म्हणाली आणि आत गेली.

रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी आहे. तिथं टेम्पो लावून दोघं बसले. तीन नंबरच्या चिमणीवर हवा थरथरत होती, उन्हात दिसते तशी. सव्वातीनच्या सुमाराला ती थरथर बारीक झाली, मग थांबली. चिमणीमागचं आभाळ स्थिर झालं.

"गेली," सरदार म्हणाला.

"न्हाई रं. आत अजून आठशे आसंल," गोरक्ष म्हणाला. "अशी एकदम न्हाई गार व्हत ती. परवा सकाळी कुठं हात लावता येईल."

थोड्या वेळानं पुनमचा फोन आला. स्पीकर लावायची गरजच नव्हती, ती इतकी ओरडत होती. नेहा मॅडमनं व्हिडिओ पाठवला होता. "मामा, साठच्या साठ वाहिले! साठच्या साठ!"

"बरं," गोरक्ष म्हणाला. फोन ठेवला. टॉवेल सोडला, डबा उघडला. सरदारनं टपरीवरून एक चमचा मागून आणला. गोरक्षनं केकावर बोट ठेवलं, क्षणभर डोळे मिटले.

"पंचेचाळीस," तो म्हणाला. "चालतंय."

मग चमचा मारला. वाहिलं. दोघांनी एकाच डब्यात, आळीपाळीनं खाल्लं. एक थेंब चुकला आणि गोरक्षच्या इस्त्रीच्या शर्टावर पडला, खिशावरच्या लाल अक्षरांवर.

तो शर्ट खुंटीला आहे. गिरजाबाईंनी चारदा धुवायला मागितला, गोरक्ष देत नाही. पंख्याचा डाग कुणी पुसला असेल तर निघोज्याला येऊन हा बघा.